खोलीचा घुमारा

ज्या खोलीत बसून हे वाचताय, तिथंच थोडं थांबा. पंखा बंद करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. मांडी घालून बसा आणि सहज लागेल त्या पट्टीत एक 'सा' लावा. मोठा नको. तुम्ही गाणारे असायला हवं असंही नाही. पोटातून आलेला, न हलणारा, एका श्वासाचा सा. मग तो मध्येच एकदम तोडा आणि तोंड मिटून तसेच बसा.

गळा थांबला. आवाज त्याच क्षणी थांबला का?

पुन्हा लावा, पुन्हा तोडा. घाई नाही. काही वेळा केलंत की कान सरावतो आणि गळा थांबल्यानंतरचा एक बारीक अवशेष ऐकू यायला लागतो. खोली गाद्या-पडद्यांनी, कपाटांनी, टांगलेल्या कपड्यांनी भरलेली असेल तर तो इतका आखूड असतो की आहे म्हणेपर्यंत संपलेला असतो. घर नुकतंच रंगवलंय, सामान अजून लागायचंय, अशी खोली असेल तर तो भिंतीभिंतीला लागून चांगला रेंगाळतो. आज आपल्याला या अवशेषाजवळ बसायचंय. स्टुडिओतली मंडळी त्याला रिव्हर्ब म्हणतात. मी घुमारा म्हणतो.

घुमारा होतो कसा, ते डोळे मिटून मनात पाहा. तोंडातून निघालेला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगानं सगळ्या बाजूंना जातो. समोरची भिंत १० फुटांवर असेल तर तिथं आपटून तुमच्याकडे परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा हिस्साही लागत नाही. इतक्या लागोपाठ आलेले दोन आवाज कान वेगळे धरत नाही, पहिल्यातच दुसरा मिसळून घेतो. डाव्या भिंतीवरून आलेला, छतावरून आलेला, फरशीवरून उसळून परत छताला लागून आलेला, असे शेकडो आवाज एकामागून एक येत राहतात आणि प्रत्येक धडकेत थोडे थोडे खर्ची पडतात. भिंत पन्नास-पंचावन्न फुटांपलीकडे गेली की मात्र परतलेला आवाज सुटा ऐकू येऊ लागतो. तो प्रतिध्वनी. पन्हाळ्याच्या तटावरून दरीत हाक मारणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराला तो ओळखीचा आहे. आपलं लक्ष त्याच्या अलीकडे, जिथं सुटं काहीच ऐकू येत नाही आणि तरी खोली आहे हे कळतं, तिथं ठेवायचंय.

आता खिडकी उघडा. एकच, पूर्ण. पुन्हा तोच सा. फरक फार थोडा असेल, तरी शोधा. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत आला नाही. जेवढी खिडकी उघडी, तेवढा आवाज खोलीनं गमावला.

खोलीचा घुमारा मोजण्याच्या शास्त्राचा पाया ही उघडी खिडकीच आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नवं व्याख्यानगृह बांधलेलं होतं आणि तिथं बोललेलं कुणाला समजत नव्हतं. शब्द उच्चारल्यावर पाच-साडेपाच सेकंद तो हवेत राहायचा, तोवर पुढचे शब्द येऊन त्याच्यावर पडायचे. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांवरच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, ऑर्गनच्या एका नळीचा सूर वाजवून बंद करायचा आणि घड्याळ हातात धरून तो पुरता विरेपर्यंत ऐकत बसायचा. गाद्या वाढल्या की वेळ घटायचा. उजाडायच्या आत गाद्या परत जागेवर. काम रात्रीचंच, कारण दिवसा रस्ता शांत नसे. किती रात्री तो माणूस नुसता एक सूर संपण्याची वाट पाहत बसला असेल, याचा विचार आला की मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते. त्यातून त्यानं हिशेब बसवला: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा, खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. आलेला आकडा म्हणजे घुमाऱ्याचा काळ, सेकंदांत. शोषणाचं माप म्हणजे उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक.

हिशेब आपल्या खोलीला लावून पाहा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर. सामान धरून तिचं शोषण १० असेल तर घुमारा अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. आता पाच माणसं येऊन बसली. माणूस त्याच्या कपड्यांसकट सुमारे अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. म्हणजे शोषण साडेबारा झालं आणि घुमारा ०.४४ सेकंदांवर आला. घरात पाहुणे आले की घराचा आवाज बदलतो. तो आपण सगळ्यांनी आयुष्यभर ऐकलेला आहे, फक्त त्याच्याकडे कधी कान दिलेला नाही.

या उघड्या खिडकीचा विचार मनात धरून मी तुम्हाला खिद्रापूरला नेणार आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी कोपेश्वराचं देऊळ आहे. त्याचा पुढचा मंडप तो स्वर्गमंडप. त्याच्या मध्यभागी छत नाही. साधारण १३ फूट व्यासाचं वर्तुळ आभाळाला मोकळं सोडलेलं आहे, खाली तशीच गोल शिळा, आणि तिच्याभोवती १२ खांब. सेबाइनच्या मापानं ही सव्वाबारा चौरस मीटरची खिडकी झाली, आणि तीही डोक्यावर. मंडप बाजूंनीही खांबांचाच, म्हणजे आवाजाला बाहेर पडायला वाटा भरपूर. शिळेच्या कडेला उभे राहा आणि हळू आवाजात सा लावा. वर गेलेला आवाज जातो तो जातोच. खांबांना लागलेला परत येतो, पण कातलेल्या, कोरलेल्या दगडानं तो विखरून टाकलेला असतो. आता आत चला, बंदिस्त सभामंडपात. तिथं अंधार आहे, वर दगडी छत आहे. तोच सा, तेवढ्याच जोरात. आवाजाला एकदम अंग येतं. मधे अंतर आहे काही पावलांचं. या दोन जागांमध्ये चार फेऱ्या मारा, दर फेरीला एक सा. इथं काही टिपून घ्यायचं नाही, नुसतं ऐकायचंय. वास्तू संरक्षित आहे आणि देवाची आहे. स्टँड आणि माइक घेऊन जायचं असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते.

खिद्रापुराच्या अगदी उलट टोकाची जागा पाहिजे असेल तर पन्हाळा. तिथला अंबारखाना म्हणजे गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं. गंगा कोठी सगळ्यांत मोठी: जवळपास ९५० चौरस मीटर जागा, ३५ फूट उंची, आत कमानींवर पेललेले १६ खण. प्रत्येक खणाच्या छताला एक भोक, वरून धान्य ओतायला. सकाळी लवकर जा, सहलीच्या गाड्या यायच्या आत. मधल्या एखाद्या खणात उभे राहा, दोन्ही हात छातीसमोर धरा आणि टाळी वाजवा. एकच. ती वाजल्यावर श्वासही सोडू नका.

टाळीचा पहिला कडक भाग लगेच जातो. मागे राहतं ते जाड, खालच्या पट्टीचं. बारीक, तीव्र स्वर हवेत आणि खडबडीत गिलाव्यात लवकर जिरतात. एवढ्या जाडीचा दगड मात्र खर्जाच्या स्वरांना हलवता येत नाही आणि दगडाला ते गिळताही येत नाहीत, म्हणून ते खणाखणांतून फिरत राहतात. पुन्हा टाळी द्यायची घाई करू नका. पहिली पूर्ण संपली याची खात्री होईपर्यंत थांबा, मग दुसरी.

इथं उभं राहिलं की मला नेहमी एक गोष्ट जाणवते. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा शिवाजी महाराज गडावर होते आणि गडाचा जीव या कोठारांत होता. धान्यानं भरलेल्या कोठीत टाळी वाजवली असती तर काहीच परत आलं नसतं. दाणे सगळा आवाज खाऊन टाकतात. आज ऐकू येणारा हा भव्य घुमारा कोठी रिकामी झाल्यानंतरचा आहे.

आता त्याच खणात उभे राहून मनातल्या मनात गाणं बसवून पाहा. आधी संथ आलाप. मग द्रुत तान. आलापाचा प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या सावलीत जाऊन बसेल. द्रुत तान मात्र इथं टिकणार नाही. तिचे दाणे एकमेकांत कालवले जातील आणि कानाला नुसता गोंगाट पोचेल. पॉल हॉर्न या बासरीवादकानं १९६८ मध्ये ताजमहालाच्या घुमटाखाली एकट्यानं बासरी वाजवून ती ध्वनिमुद्रित केली, तेव्हा त्याला वाजवण्याइतकंच थांबावं लागलं. एक स्वरावली सोडायची आणि घुमट ती परत देईपर्यंत गप्प राहायचं. खोली लय ठरवते.

हे कळल्यावर कोल्हापूरच्या गाण्याकडे नव्यानं बघावंसं वाटतं. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांच्या पदरी आले आणि महाराज गेले तोपर्यंत, १९२२ पर्यंत, त्यांचं गाणं या गावात झालं. त्यांची गायकी पेचदार. स्वरातून स्वर निघणारी, वक्र चालीची तान, आणि ती लयीच्या अंगाला घट्ट चिकटलेली. अशी तान अंबारखान्यात गाऊन दाखवा! तिला लागते बैठकीची खोली: खाली जाजम, गाद्या, लोड, दाटीनं बसलेली माणसं, फेटे, उपरणी, शाली. हे सगळं आवाज गिळणारं. मला वाटतं, ही गायकी अशा आखूड घुमाऱ्याच्या खोल्यांतच एवढी गुंतागुंतीची होऊ शकली, कारण तिथं तानेचा दाणा न दाणा ऐकणाऱ्याच्या कानाशी शाबूत पोचत होता. खाँसाहेबांनी आपलं गाणं तबकडीवर येऊ दिलं नाही. शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी मात्र 'व्हॉयेजर' यानांतल्या सोनेरी तबकडीवर १९७७ पासून अंतराळात आहे, साडेतीन मिनिटांची. केसरबाई गायल्या त्या काळच्या लाखेच्या तबकड्यांवर सुई फिरायची तिची खरखर एवढी असे की घुमाऱ्याचं विरतं टोक तिच्याखालीच बुडून जाई. त्या पिढीचा गळा आपल्याला मिळाला. त्यांच्या खोल्या फारशा मिळाल्या नाहीत.

पण मग खोली एवढी कोरडी, तर गाणं उघडंबोडकं कसं नाही वाटलं? इथं तंबोरा येतो. कोल्हापूरहून तासाभराच्या वाटेवर मिरज. तिथल्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी कितीतरी पिढ्या गवयांनी ती वाद्यं डोळे मिटून घेतलेली. तंबोऱ्याजवळ बसा. घोडीवर तार टेकते तिथं तारेखाली एक साधा सुती दोरा असतो. तो बोटाच्या नखानं केसभर पुढे सारा. तार छेडा. आवाज मिटलेला. आणखी केसभर. अजून मिटलेला. आणखी थोडा, आणि एका ठिकाणी तार एकाएकी बोलायला लागते. तिच्यातून वरचे वरचे स्वर धारेसारखे निघतात आणि बराच वेळ निघत राहतात. जवारी लागली. या रेंगाळण्याला गाणारे आस म्हणतात. कोरड्या खोलीत गवई दोन तंबोरे दोन बाजूंना घेऊन बसतो तेव्हा भिंतींनी न दिलेला घुमारा त्याला तारांनी दिलेला असतो, आणि तोही त्याच्याच षड्जात. म्हणून ध्वनिमुद्रण करताना तंबोरा यंत्रातला वापरून तो वायरीनं थेट मिक्सरमध्ये घेणं मला पटत नाही. खरा तंबोरा खोलीत वाजू द्या. तो खोलीशी बोलतो आणि खोली त्याच्याशी.

आता घरात परत या. समजा जुनं घर आहे, शहरात शिवाजी पेठेत किंवा बाहेर एखाद्या गावात. मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, पुढे सोपा, आत माजघर. एक गाणारं माणूस, पेटी, तबला, तंबोरा. दोन माइक आणि एक साधं रेकॉर्डिंगचं यंत्र. वेळ रात्रीची, जेवणं आटपून मोटारसायकली थंडावल्यावरची. किंवा पहाटे, दुधाच्या किटल्या वाजायच्या आधी.

माइक पिशवीतच राहू देत. गाणाऱ्याला सोप्यात बसवून गायला सांगा आणि तुम्ही एक कान बोटानं बंद करून खोलीत फिरा. दोन कान उघडे असले की मेंदू खोलीचा घुमारा बाजूला सारून गळ्यावर लक्ष धरतो. माइकला ते जमत नाही. एका कानानं ऐकलं की साधारण माइकला जसं ऐकू येईल तसं ऐकू येतं. गाणाऱ्यापासून एक हात अंतरावर उभे राहा: ओठांचा, श्वासाचा आवाज, खोली जवळजवळ नाही. दोन हात. चार हात. अंतर दुप्पट झालं की गळ्यातून थेट येणारा आवाज सहा डेसिबलनं उतरतो, घुमारा मात्र खोलीभर बहुतेक सारखाच असतो. त्यामुळे मागे सरकाल तसतशी खोली वर येते आणि एका जागी दोन्ही समसमान होतात. त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे वीत-वीत सरका. कुठंतरी अशी जागा येईल की गाणारं माणूस समोर बसलंय हेही कळेल आणि कोणत्या घरात बसलंय हेही. माइक तिथं लावा. ही जागा शोधण्यात अर्धा तास गेला तरी तो गाण्याचाच अर्धा तास समजा.

गाणाऱ्याला कोपऱ्यात बसवू नका, तिथं खर्ज सुजतो. अगदी मध्यावरही नको. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत टाळी वाजवून 'टर्रर्र' असं ऐकू आलं तर आवाज त्या दोघींतच येरझारा घालतोय. एका भिंतीवर वाकळ टांगा, भिंतीपासून वीतभर सोडून. भिंतीला चिकटवून टांगलेल्या वाकळेपेक्षा ती जास्त काम करते. तबल्याखाली घोंगडं. एवढं बास. सगळ्या भिंती झाकल्यात तर ज्या घरासाठी इथं आलात तेच घर निघून जाईल.

आणि माजघराचं दार उघडं ठेवा. दुसरा माइक माजघरात ठेवा, त्याचं तोंड गाणाऱ्याकडे न करता आतल्या भिंतीकडे. त्याला फक्त घरातून फिरून आलेला आवाज मिळेल. नंतर हा दुसरा आवाज पहिल्यात हळूहळू मिसळत जा. कळेल न कळेल इतकाच. तो आहे हे लक्षात यायला लागलं की थोडा मागे घ्या. ही युक्ती जुनी आहे. १९४७ मध्ये शिकागोच्या बिल पटनम यांनी हार्मोनिका वाजवणाऱ्या एका त्रिकुटाची तबकडी करताना स्टुडिओतलं बाथरूमच घुमाऱ्यासाठी वापरलं होतं. न्हाणीघरात आपला गळा अचानक चांगला लागतो त्यामागचं कारण तेच, गुळगुळीत कठीण भिंती आणि लहान जागा. घरात दगडी न्हाणी असेल तर दुसरा माइक तिथं ठेवून पाहायला काहीच हरकत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आज जगातल्या हव्या त्या सभागृहाचा घुमारा मिळतो. तो वापरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण कोल्हापुरातल्या सोप्यात गायलेल्या भजनावर युरोपातल्या कॅथीड्रलचा घुमारा चढवला की कान गोंधळतो. गाण्यातल्या माणसांच्या पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं होतं. शिवाय गाणाऱ्याचं काय? यंत्रातला घुमारा गाऊन झाल्यावर येतो. खोलीतला घुमारा गाताना गळ्याला मिळतो, गळा त्यावर टेकतो, त्याच्या हिशेबानं थांबतो, मींड किती लांबवायची ते ठरवतो. ही देवघेव मागाहून करता येत नाही.

या गावाला खोलीसकट गाणं टिपण्याची सवय एका काळी सक्तीनं लागलेली होती. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३२ चा 'अयोध्येचा राजा' इथंच झाला. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्राच्या वेषात कॅमेऱ्यासमोर गात आणि विष्णुपंत दामले ते त्याच क्षणी टिपत. माइक चौकटीत दिसून चालणार नाही म्हणून तो लांब, आणि लांब म्हणून त्याच्यात सेटवरची सगळी हवा.

आता शेवटच्या जागेकडे जाऊ, आणि तिथं जास्त वेळ थांबू. खासबाग मैदानाला लागून शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ मध्ये ते सुरू झालं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. केशवराव कोल्हापूरचेच, १८९० चे. १९२१ मध्ये, ऐन भरात, गेले. त्यांच्या काळात माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते गळ्यानं आणि नाट्यगृहाच्या भिंतींनी मिळून. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं.

लोकांनी छत गेलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या म्हणून हळहळ केली. मी त्या यादीत आणखी एक धरतो. त्या आकाराचा, त्या लाकडाचा, त्या जागेचा म्हणून जो घुमारा होता, तोही त्या रात्री गेला. इमारत पुन्हा उभी राहील. नकाशे आहेत, छायाचित्रं आहेत. आवाज कशावरून उभा करायचा? व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरागृह जानेवारी १९९६ मध्ये जळालं, तेव्हा नशिबानं थोडेच महिने आधी लांबर्टो ट्रोंकिन या अभ्यासकानं त्याचा घुमारा मोजून ठेवलेला होता. नव्या बांधणीत त्याचा आधार घेता आला आणि २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं. पॅरिसच्या नोत्र दामचा घुमारा २०१३ मध्ये मोजलेला होता, आग २०१९ मध्ये लागली. मोजायला लागतं तरी काय? रिकाम्या सभागृहात एक फुगा फोडायचा, किंवा स्पीकरवरून खालपासून वरपर्यंत एक सूर चढवत न्यायचा, आणि ठिकठिकाणी माइक ठेवून तो विरेपर्यंत टिपायचा. एका दुपारचं काम. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या नाट्यगृहात, प्रत्येक वाड्याच्या दिवाणखान्यात, ते उभं आहे तोवर हे व्हायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

केशवराव भोसले नाट्यगृहासाठीही अजून एक वाट आहे, आणि ती तुमच्या-माझ्या घरातून जाते. त्या नाट्यगृहात झालेल्या प्रयोगांच्या, मैफलींच्या, स्नेहसंमेलनांच्या कॅसेटी कोल्हापुरात कितीतरी कपाटांत पडून असतील. कुणी पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीवर धरून केलेल्या, कुणी विंगेतून. तुमच्याकडे असेल तर काढा. चांगल्या यंत्रावर लावा. गाणं, संवाद यांच्याकडे जाऊ नका. त्यांच्या मधल्या जागा ऐका. पडदा उघडण्याआधीची तिसरी घंटा ऐका: ठोका थांबल्यावर तिचा नाद किती वेळ राहिला, खर्ज आधी गेला की तीव्र स्वर. तबल्याचा सम गाठणारा शेवटचा ठोका आणि पहिली वाहवा यांच्यामधली फट ऐका. टाळ्या ओसरताना एखादा उशिरा वाजवतो, एकट्याची एक टाळी येते. तीच आपल्याला हवी. ती विरताना जे ऐकू येतं ते नाट्यगृह आहे, आणि आजच्या साधनांनी अशा एका सुट्या टाळीवरूनही घुमाऱ्याचा अंदाज काढता येतो.

कॅसेट डिजिटल करून देणारा विचारेल, खरखर काढू का, टाळ्या कापू का. नको म्हणून सांगा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर घुमाऱ्याचं बारीक टोकही गोंगाट समजून पुसून टाकतं. स्वच्छ प्रत हवी असेल तर वेगळी करून घ्या, पण एक प्रत जशीच्या तशी राहू द्या, सुरुवातीच्या खुडबुडीपासून शेवटच्या खटक्यापर्यंत. तिच्याबरोबर कागदावर लिहून ठेवा: कोणता कार्यक्रम, कोणतं साल, नाट्यगृह किती भरलेलं होतं, खिडक्या-दारं उघडी होती की बंद, आणि टेपरेकॉर्डर नेमका कुठं ठेवला होता. हे शेवटचं आठवणारं वडीलधारं माणूस घरात असेल तर कॅसेट लावायच्या आधी त्यांना जवळ बसवून घ्या.